लंगोट कुणी धुवायचे, ते आधी ठरवा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्नीला आठवा महिना लागलाय, पहिलंच बाळ. पत्रलेखकाला धुऊन वापरायचे कापडी डायपरच हवे आहेत. कचरा कमी, बाळाच्या अंगाला रसायनं लागणार नाहीत, आणि ‘आमच्या आयांनी आम्हाला कापडावरच वाढवलं’ अशी त्यांची कारणं. चोवीस पॉकेट डायपरचा (ज्याच्या खिशात ओल शोषणारी घडी, म्हणजे इन्सर्ट, सरकवायचा असतो) संच त्यांनी बघूनही ठेवलाय. पत्नीचं म्हणणं, पहिलं वर्ष तरी डिस्पोजेबलच वापरू. ‘मी म्हटलं, धुणार तर मशीनच आहे. त्यावर ती काहीच बोलली नाही. बाळासाठी आणि पर्यावरणासाठी योग्य काय, आणि तिला कसं पटवू?’

तुमच्या पत्नी गप्प का झाल्या, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. मशीन फक्त धुतं. शी झालेला लंगोट बाळाखालून काढणं, शी संडासात टाकणं, लंगोट खळबळून घेणं, पॉकेटमधला ओला इन्सर्ट ओढून वेगळा करणं, दोन दिवसांचा ढीग मशीनमध्ये भरणं, चोवीस लंगोट आणि चोवीस इन्सर्ट दोरीवर घालणं, वाळले का ते चाचपणं, काढून आणणं आणि पुन्हा एकेका पॉकेटात इन्सर्ट सरळ बसवणं, यातलं एकही काम मशीन करत नाही. हे सगळं दर दोन दिवसांनी, आणि तेही घरातली एक व्यक्ती बाळंतपणातून सावरत रात्रीतून तीन-चारदा दूध पाजत असताना. तेव्हा ‘कसं पटवू’च्या आधी, हे काम कुणाच्या वाट्याला येणार, हे तुम्ही दोघं मोकळेपणाने बोललात का? ‘आमच्या आयांनी’ असं तुम्ही लिहिलंय. त्या पिढीतल्या वडिलांनी किती लंगोट धुतले, तेही एकदा घरात विचारून बघा.

आणखी एक गोष्ट तुम्ही दोघांनीही धरून चालला आहात, ती म्हणजे बाळ यायच्या आधी एक बाजू निवडायची आणि मग तीच निभवायची. हे काही व्रत नव्हे, की एकदा मोडलं तर सगळं वाया गेलं. दिवसा कापडी आणि रात्री डिस्पोजेबल. घरी कापडी आणि प्रवासात डिस्पोजेबल. पहिला महिना डिस्पोजेबल आणि मग हळूहळू कापडी: यातलं काहीही चालतं, आणि बहुतेक घरांत शेवटी असंच काहीतरी होतं. दिवसाला चार डायपर जरी कापडी झाले, तरी महिन्याला एकशेवीस डिस्पोजेबल वाचले.

पर्यावरणाचं म्हणाल, तर तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण आपोआप बरोबर नाही. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २००८ मध्ये दोन्ही प्रकारांचा, कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंतचा, हिशेब मांडला होता. एका मुलाच्या अडीच वर्षांसाठी डिस्पोजेबलचा कार्बन भार (हवेत जाणारे तापमान वाढवणारे वायू, कार्बन डायऑक्साइडच्या वजनात मोजलेले) सुमारे ५५० किलो निघाला आणि सरासरी पद्धतीने धुतलेल्या कापडी लंगोटांचा सुमारे ५७०. म्हणजे जवळपास बरोबरी. पण तेच लंगोट मशीन पुरेसं भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या मुलालाही वापरले, तर हा भार सुमारे २०० किलोंनी खाली येतो. उलट ड्रायर लावला आणि जास्त तापमानावर धुतले, तर तो डिस्पोजेबलच्याही वर जातो. २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने प्रसिद्ध केलेल्या नव्या अभ्यासात कापडी लंगोट सुमारे २५ टक्क्यांनी सरस ठरले. कारण सोपं आहे. डिस्पोजेबलचा भार मुख्यतः तो बनवण्यात असतो आणि त्यावर तुमचा ताबा नाही. कापडीचा भार मुख्यतः धुण्या-वाळवण्यात असतो आणि तो पूर्णपणे तुमच्या हातात आहे. कचऱ्याच्या बाबतीत मात्र बरोबरी नाही. दिवसाला सरासरी पाच धरले, तरी अडीच वर्षांत साडेचार हजारांहून जास्त डिस्पोजेबल होतात. त्यांतलं प्लॅस्टिक कुजत नाही.

‘रसायनं’ या शब्दामागे तुमच्या मनात बहुधा डायपरमधली जेल असावी. ती सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची भुकटी असते, लाकडाच्या लगद्यात मिसळलेली. स्वतःच्या वजनाच्या अनेक पट लघवी ती धरून ठेवते आणि दाबली तरी सोडत नाही. डायपर जास्तच भरला की कधीकधी पारदर्शक, साबुदाण्यासारखे गोळे बाळाच्या अंगाला चिकटलेले दिसतात. ते विषारी नसतात, ओल्या कापडाने पुसून टाका. त्वचा कोरडी ठेवण्यात ही जेल कापडापेक्षा उजवी आहे. पुरळ उठतं ते मुख्यतः ओल, घासणं आणि वेळ या तिघांमुळे. लघवीतल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, त्याने त्वचेचा आम्लपणा कमी होतो, आणि मग शीमधली एन्झाइम्स जोर धरून त्वचा सोलवटतात. लंगोट कापडी असो वा डिस्पोजेबल, शी झाली की लगेच बदलायला हवा, याचं कारण हेच. नुसत्या शूसाठी कापडी दोन-तीन तासांनी आणि डिस्पोजेबल तीन-चार तासांनी बदला. काही बाळांना डिस्पोजेबलमधल्या सुगंधाने किंवा कडेच्या इलॅस्टिकने त्रास होतो हे खरं. अशा वेळी बिनसुगंधी, दुसऱ्या बनावटीचा वापरून बघावा. ‘डिस्पोजेबल म्हणजे रॅश’ हे समीकरण मात्र खरं नाही.

आता तुम्ही बघून ठेवलेल्या संचाकडे येऊ. तो अजून घेतला नसेल, तर थांबा.

‘वन साइज’ पॉकेट डायपरवर तीन किलोपासून चालतो असं लिहिलेलं असलं, तरी नवजात बाळाच्या काडीसारख्या मांड्यांभोवती तो नीट बसत नाही आणि फटीतून गळतो. साधारण साडेचार-पाच किलोंनंतर त्याची बैठक जमते. शिवाय नाळेचा तुकडा गळून पडायला एक ते तीन आठवडे लागतात, आणि तोवर डायपरची पुढची कड बेंबीच्या खाली राहायला हवी. जाड पॉकेट डायपर नेमका तिथेच घासतो. पहिल्या दोन-तीन दिवसांची शी तर काळी, डांबरासारखी चिकट असते. ती सहज निघावी म्हणून त्वचेला पेट्रोलियम जेली लावतात, आणि जेली कापडाला लागली की कापडाची शोषणशक्ती जाते. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे लहानात लहान मापाचे डिस्पोजेबल, किंवा कापडीच हवे असतील तर मऊ सुती चौकोनी लंगोट आणि वरून एखादं छोटं कव्हर. डिस्पोजेबलचा साठाही करू नका. मापं वजनावर असतात आणि पहिलं माप काही आठवड्यांतच लहान होतं.

कापडी लंगोटांत शोषणारा थर आणि पाणी अडवणारा थर अशा दोन गोष्टी असतात, आणि या दोन्ही कशा जोडल्या आहेत त्यावरून प्रकार पडतात. साधा चौकोनी सुती लंगोट घडी घालून बांधायचा आणि वर कव्हर चढवायचं. तो सगळ्यांत लवकर वाळतो आणि सगळ्यांत स्वच्छ धुतला जातो, कारण उलगडला की एकेरी कापडच राहतं. आधीच शिवून जाड केलेल्या घडीच्या लंगोटाला घडीची कटकट कमी, पण वाळायला जास्त वेळ. पॉकेट डायपरमध्ये पाणी अडवणारं कव्हर आणि अस्तर एकत्र शिवलेलं असतं आणि मधल्या खिशात इन्सर्ट सरकवायचा. आणि सगळं एकत्र शिवलेला ‘ऑल इन वन’ घालायला डिस्पोजेबलइतका सोपा, पण वाळायला सगळ्यांत हट्टी. कव्हर दर वेळी धुवावं लागत नाही. शी लागली नसेल तर पुसून, हवेवर टाकून दोन-तीनदा वापरता येतं, म्हणून वीस लंगोटांना पाच-सहा कव्हरं पुरतात.

इन्सर्ट कशाचा आहे हे बघून घ्या. मायक्रोफायबर झटकन शोषतो, पण बाळ बसलं की स्पंजासारखा दाबला जाऊन लघवी परत सोडतो. तो त्वचेला थेट लावायचा नाही, त्वचेतली ओलही ओढून घेतो. सुती मधला मार्ग. बांबू व्हिस्कोस, म्हणजे बांबूच्या लगद्यापासून काढलेला धागा, जास्त धरतो. हेम्प, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाचा धागा, सावकाश शोषतो, पण कमी जाडीत सगळ्यांत जास्त धरून ठेवतो. म्हणून रात्रीसाठी वर सुती आणि खाली हेम्प, अशी जोडी लावतात. कापडीच्या जाडीने पाय वाकडे होतात ही भीती कुणी घातली तर मनावर घेऊ नका. नवजात बाळांचे पाय मुळातच बाकदार असतात, आणि मांड्या थोड्या फाकलेल्या राहणं खुब्याच्या सांध्याला चांगलंच. पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळणं मात्र वाईट.

किती घ्यायचे याचा हिशेब: एका धुण्यापासून पुढच्या धुण्यापर्यंतचे दिवस आणि वाळायला लागणारे दिवस यांची बेरीज करा, आणि तिला दिवसाला लागणाऱ्या लंगोटांनी गुणा. नवजात बाळाला दिवसाला दहा-बारा लागतात. दोन दिवसांनी धुतले आणि एका दिवसात वाळले, तर तीस-छत्तीस हवेत. तुमचे चोवीस तिथे तोकडे पडतात. तिसऱ्या महिन्यानंतर दिवसाला सहा-आठ लागतात, तेव्हा चोवीस पुरेसे. पण दमट हवेत बांबूचा जाड इन्सर्ट दीड-दोन दिवस वाळत नाही आणि हिशेब पुन्हा कोलमडतो. लंगोट कमी पडतात ते वापरात क्वचित, दोरीवर अडकून जास्त. फक्त दिवसा, फक्त घरी कापडी वापरायचे ठरवलं, तर बारा-पंधरांत भागतं. धुणंही निम्म्यावर येतं.

धुण्याचं आता सविस्तर सांगते, कारण कापडी लंगोट सोडून देणारे बहुतेक लोक इथेच हरतात आणि दोष लंगोटाला देतात.

नवे सुती आणि हेम्पचे लंगोट वापरण्याआधी पाच-सहा वेळा धुवा. धाग्यात नैसर्गिक तेल असतं, ते जाईपर्यंत कापड पूर्ण शोषत नाही. पहिल्याच दिवशी गळला म्हणून परत केलेले कितीतरी लंगोट नुसते न धुतलेले असतात.

वापरलेले लंगोट पाण्यात भिजत घालू नका. साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात, इलॅस्टिक सैल पडतं, कव्हरचा पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर सुटतो, आणि रांगणाऱ्या मुलासाठी पाण्याने भरलेली बादली हा बुडण्याचा धोका असतो. कोरड्या बादलीत किंवा तोंड थोडं उघडं ठेवलेल्या पिशवीत ठेवा. घट्ट बंद केलेत तर बुरशी धरते. फक्त आईच्या दुधावरच्या बाळाची शी पाण्यात विरघळते, त्यामुळे लंगोट थेट मशीनमध्ये टाकला तरी चालतो. वरचं दूध किंवा वरचं खाणं सुरू झालं, की शी आधी संडासात गेलीच पाहिजे. लंगोटावर पातळ लायनर घातलं तर ती उचलून टाकता येते. लायनर मात्र कचऱ्यात, संडासात नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. रात्रीचा लंगोट सकाळी उठल्याबरोबर खळबळून घ्या, त्यातली लघवी सगळ्यांत तीव्र असते.

दोन, फार तर तीन दिवसांनी धुणं काढा. आधी गार पाण्याची एक छोटी फेरी, आणि ते पाणी पूर्ण जाऊ द्या. गरम पाण्याने सुरुवात केली तर शीचे डाग पक्के बसतात. मग मुख्य फेरी: इन्सर्ट आणि सुती लंगोट ६० अंशांवर, कव्हर आणि पॉकेट लेबलवर लिहिलेल्या तापमानावर, बहुधा ४० वर. ड्रम दोन-तृतीयांश ते पाऊण भरा. रिकामा राहिला तर कपडे एकमेकांवर घासत नाहीत, ठासून भरला तर पाणी आत शिरत नाही. डिटर्जंट तितक्या वजनाच्या खूप मळलेल्या कपड्यांना लागेल तेवढी पूर्ण घाला. ‘बाळाचे कपडे आहेत, थोडीच घालू’ हा मोह सगळ्यांना होतो, आणि नेमका तोच नडतो. शेवटी एक जादा खळबळणी. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, तो धाग्यावर मेणासारखा थर चढवतो.

काय बिघडलंय हे लंगोट स्वतः सांगतो. गळतोय, पण इन्सर्ट अर्धा कोरडाच आहे? मग कापड पाणी झिडकारतंय. त्यावर पाण्याचे चार थेंब टाका. मण्यांसारखे तरंगले, तर सॉफ्टनर किंवा रॅशच्या क्रीमचा थर बसलाय. त्या जागी भांडी घासायचा लिक्विड साबण लावून चोळा आणि फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा. इथून पुढे क्रीम लावताना मध्ये लायनर ठेवा. इन्सर्ट चिंब आहे आणि तरी गळतोय, तर बदलायला उशीर होतोय किंवा एक थर वाढवायला हवा. कपडे फक्त कडेला ओले होत असतील, तर आतल्या सुती कापडाचं टोक कव्हरच्या बाहेर डोकावतंय. ते बोटाने आत सारलं की काम झालं.

धुतलेल्या लंगोटात शू झाल्याबरोबर डोळ्यांत पाणी आणणारा वास आला, तर तो अमोनिया. म्हणजे जुनी लघवी कापडातून पूर्ण निघालेलीच नाही. डिटर्जंट कमी पडली असेल किंवा पाणी कठीण असेल. त्यातले क्षार डिटर्जंटला निकामी करतात आणि धाग्यात साचतात. मात्रा वाढवा, गरज पडली तर पाणी मऊ करणारी पावडर सोबत घाला आणि ६० अंशांवर दोन फेऱ्या काढा. इथे एक धोका लक्षात ठेवा: लघवीने भिजलेल्या लंगोटांवर क्लोरीनचं ब्लीच कधीही ओतू नका. अमोनिया आणि क्लोरीन मिळून क्लोरामाइनचा विषारी वायू तयार होतो. ब्लीच लागलंच तर ऑक्सिजनचं, म्हणजे सोडियम परकार्बोनेटचं, तेही अधूनमधून. पिवळे डाग तर नुसत्या उन्हात, ओले असताना वाळत घातले तरी फिके पडतात. कव्हर मात्र सावलीत घाला, आणि इलॅस्टिक ताणलं जाईल असं लटकवू नका.

जांघेच्या घडीत लालभडक पुरळ, भोवती सुटे सुटे लाल ठिपके, आणि दोन-तीन दिवसांत साध्या उपायाने कमी होत नसेल, तर ती बहुधा बुरशी. साध्या ओलीचं पुरळ घडीबाहेरच्या फुगीर भागावर असतं, घडी मोकळी राहते. डॉक्टरांना दाखवा, आणि बरं होईपर्यंत डिस्पोजेबल वापरा किंवा सगळे लंगोट ६० अंशांवरच धुवा.

डिस्पोजेबललाही शिस्त लागते. पायाभोवतीच्या झालरी बोटाने बाहेर काढा, आत दुमडलेली झालर हेच गळण्याचं पहिलं कारण. पोटावर दोन बोटं जातील इतका सैल ठेवा. मुलगा असेल तर शिश्न खाली वळवून लावा, नाहीतर पुढून गळतो. शी वारंवार पाठीकडून बाहेर येऊ लागली, की माप वाढवायची वेळ झाली. टाकताना शी संडासात, मग गुंडाळी करून त्याच्याच पट्ट्यांनी बंद, आणि कचऱ्यात. पहिल्या आठवड्यात एक अडचण हमखास येते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा ओले लंगोट व्हायला हवेत, ही दूध पुरतंय याची खूण, आणि जेल ओल लपवत असल्याने डायपर ओला आहे का तेच कळत नाही. एका कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे पाणी ओता आणि हातात धरून बघा. शू झालेला डायपर किती जड लागतो, याचा अंदाज येतो.

तर पत्नीशी बोलताना लंगोटाचा प्रकार आधी काढूच नका. रात्री डिस्पोजेबल, हे सुरुवातीलाच मान्य करून टाका. रात्रीच्या झोपेपुरतं तरी त्यांचं डिस्पोजेबलचं म्हणणं बरोबर आहे. दिवसाच्या कापडी लंगोटांचं सगळं काम, म्हणजे शी काढण्यापासून पॉकेट भरण्यापर्यंत, तुम्ही घ्या. दिवसा तुम्ही घरी नसाल, तर बदलण्याचं काम त्यांच्याकडे जाईल, पण बादलीपासून पुढचं तुमचं. आजारपण, पाहुणे किंवा सलग चार दिवस ढगाळ हवा आली, की त्या दिवसांपुरतं डिस्पोजेबल, कुणीही कुणाला न बोलता. सहा आठवड्यांनी दोघं बसा आणि त्या तेव्हा ‘नको’ म्हणाल्या, तर ते ‘नको’ ऐकायची तयारी आत्ताच ठेवा.

आणि खरेदी? आत्ता लहान मापाचं डिस्पोजेबलचं एक पाकीट, दहा-बारा मऊ सुती चौकोनी लंगोट, दोन छोटी कव्हरं. बाळ साडेचार किलोंच्या पुढे गेलं, की वेगवेगळ्या बनावटीचे तीन-चारच पॉकेट डायपर घ्या आणि दोन आठवडे वापरून बघा. तुमच्या बाळाच्या मांडीला कोणता बसतो हे संचावर लिहिलेलं नसतं. जमला तो प्रकार मग बारापर्यंत वाढवा. वापरलेले मिळाले तरी चालतील, फक्त इलॅस्टिक ताणून बघा, आणि कव्हरचा आतला चकचकीत थर सुटलेला नाही ना ते पाहा. वाळत घालायची दोरी तेवढी या आठवड्यातच बांधून घ्या, तुमचा हात पोचेल अशा उंचीवर.